अकरा नावांनंतर

बत्तीस वर्षं मी कोळशाच्या खाणीत मोजणीदार होतो. जमिनीखाली सहाशे मीटरवरचा बोगदा दोन बोटं जरी सरकला, तरी ते मला सांगावं लागे. त्यामुळे अंदाजानं बोलायची मला सवय नाही. निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या फुटबॉल क्लबनं, यास्कूव्कानं, मैदानावरचा माईक माझ्या हाती दिला. म्हणाले, "तेओफिल, तुझा आवाज खाणीतसुद्धा ऐकू यायचा."

काम सोपं होतं आणि मला ते फार आवडायचं. शनिवारी दुपारी गेर्ता, माझी बायको, डब्यात खसखशीचा केक भरून द्यायची. मी ट्रामनं दोन थांबे जायचो, लाकडी गॅलरीच्या माथ्यावरच्या खोक्याएवढ्या खोलीत बसायचो. खाली मोहरी लावलेल्या सॉसेजचा वास, समोर मैदान, मैदानापलीकडे खाणीच्या राखेचा डोंगर. सामन्याआधी मी आपल्या एकेका खेळाडूचं पहिलं नाव घ्यायचो आणि गॅलरी आडनाव गर्जायची. "रेमिग्युश!" "कुबित्सा!" अकरा वेळा. मग आलोइस ढोल बडवायचा.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी अकरावं आडनाव झालं, मी पाणी प्यायला ग्लास उचलला, आणि डाव्या टोकाकडून तीसचाळीस गळ्यांतून आणखी एक आडनाव आलं.

"दिर्दा!"

आमच्याकडे दिर्दा नावाचा खेळाडू नव्हता. मी यादी पुन्हा पाहिली. राखीवमध्येही नव्हता. सामना संपल्यावर मी आलोइसला गाठलं. चाळीस वर्षं तो डाव्या टोकालाच उभा राहतो.

"काय रे, हा दिर्दा कोण?"

"कोण दिर्दा?"

"तुम्हीच तर ओरडलात. अकराव्यानंतर."

"मापाड्या, अकराव्यानंतर मी ढोल वाजवतो," आलोइस म्हणाला. "खाणीतले सुरुंग तुझ्या कानात अजून फुटतायत. कान तपासून घे."

मी खरंच तपासून घेतले. कान ठणठणीत निघाले.

पुढच्या सामन्याला निम्मी गॅलरी ओरडली. त्याच्या पुढच्याला सगळी. वर बसून मला तोंडं स्पष्ट दिसत होती, एकाच वेळी उघडलेली. आडनाव संपलं की ती मिटायची, आणि माणसं सूर्यफुलाच्या बिया सोलत अर्धवट राहिलेल्या गप्पा पुढे चालू करायची. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. आवाजात माया होती, घरच्या माणसाला जेवायला हाक मारावी तशी.

मी जावयाचा टेपरेकॉर्डर नेला. घरी येऊन स्वयंपाकघरात टेप लावली. अकरा नावं, अकरा आडनावं नीट ऐकू आली. त्यानंतर दोन सेकंद काहीच नव्हतं. ढोल नाही, वारा नाही, टेपची स्वतःची खरखरसुद्धा नाही. मग एकदम ढोल सुरू. मी नऊ वेळा ऐकलं. गेर्ता कणीक मळता मळता थांबली होती.

"ते मधलं नको लावूस," ती म्हणाली. "कानाला दडा बसतो."

हिवाळ्यात मैदान बंद असतं. त्या दिवसांत मी फ्रांचिष्का आजींकडे गेलो. त्यांचं वय ब्याण्णव. त्यांच्या वडिलांनी आणि इतर खाणकामगारांनी फावड्यांनी राख सपाट करून हे मैदान केलं होतं. आजींनी मला शेगडीजवळ बसवलं.

"आजी, क्लबात कधी दिर्दा होता का?"

"दिर्दांची आमच्या गल्लीत तीन घरं होती. कोणता म्हणतोस?"

"ते माहीत नाही. लोक फक्त आडनाव घेतात."

आजींनी शेगडीतले निखारे सारखे केले.

"लढाईत जर्मनांनी क्लब बंद केला," त्या म्हणाल्या. "मैदानावर कुत्रं नसायचं. तरी आम्ही शनिवारी कडेला जाऊन उभे राहायचो. खेळणारी पोरं तर कुठे कुठे पांगलेली, काही परतलीच नाहीत. ओरडायची सोय नव्हती, मग नावं मनात घ्यायचो. सगळ्यांची घेतली असतील की नाही, देव जाणे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि पहिलं नाव तू घ्यायचंस ना? लोक आडनाव देतायत आणि तू गप्प बसतोस. ही कुठली रीत?"

मी हसलो. घरी येताना मात्र ट्रामचा थांबा चुकलो.

जूनमध्ये शेवटचा सामना आला. हरलो किंवा बरोबरी झाली तर आम्ही खालच्या गटात जाणार होतो, आणि मग यास्कूव्का नदीपलीकडच्या क्लबात विलीन होणार होता. नाव, रंग, सगळं जाणार. गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. आलोइस नव्या शर्टात आला होता.

मी नावं घेतली. अकरावं झालं.

मी ग्लासला हात लावला नाही.

गॅलरी गप्प होती. या वेळी कोणी आडनाव दिलं नाही. दोन हजार चेहरे माझ्या खोलीकडे वळले होते.

"एमानुएल," मी म्हणालो.

हे नाव मला कोणी सांगितलं नव्हतं.

"दिर्दा!"

लाकडी फळ्या हादरल्या. मग माणसं हसली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. आलोइसनं ढोल वाजवला, डोळे पुसले आणि पुन्हा वाजवला.

एकाहत्तराव्या मिनिटाला रेमिग्युशनं डोक्यानं गोल केला. तेवढ्या एका गोलावर आम्ही वाचलो. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा मी खाली उतरलो होतो.

"डावीकडून पास कोणी दिला रे?" तो विचारत होता. "काय मऊ चेंडू आला."

डावीकडे आपलं कोणीच नव्हतं. मी वरून पाहिलं होतं. मी म्हटलं, "चांगला पास होता." आणि तो होताच. इतका आनंद मला मुलीच्या लग्नातही झाला नव्हता.

संध्याकाळी साडेसहाला घरी पोचलो. ऊन अजून खिडकीत होतं. गेर्ता टेबलावरच्या बश्या उचलत होती. दोन बश्या होत्या.

"कोण आलं होतं?"

"तूच तर पाठवलंस," ती म्हणाली. "म्हणाला, तेओफिलनं हाक मारली म्हणून आलो. भला माणूस. दारात बूट काढले, हात धुतले. केकचे तीन तुकडे खाल्ले, फार दिवसांनी खातोय म्हणाला."

"मग?"

"मग काही नाही. आभार मानले आणि उठला. दारात थांबून म्हणाला, बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव कोण पुकारणार ते आत्ताच ठरवून ठेवा, नाहीतर फार थांबावं लागतं. मी म्हटलं, एवढी घाई काय आहे?"

"काय म्हणाला?"

गेर्तानं बश्या पाण्यात सोडल्या.

"काही नाही. तुझी खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ठेवली आणि गेला."