उन्हात दिसणाऱ्या रेघा

"माझा सख्खा भाऊ माझ्या पोटावर पाय देतोय," पॉलिशवाला म्हणाला. "तेवढं सिद्ध करून द्या, बास."

बाईंनी त्याला खिडकीसमोरची खुर्ची दाखवली. त्यानं ती फिरवली, उजेडाकडे पाठ केली आणि मगच बसला. पंचावन्नच्या आसपासचा, जाड मनगटांचा माणूस. नखांच्या कडांत पॉलिशचं पांढरं कंपाउंड साचलेलं.

मास्तरांनी वही उघडली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते आणि शेजारच्या बाईंना लिहून घ्यायला मदत करत होते. बाईंची वीस वर्षं विम्यासाठी अपघाताच्या गाड्या तपासण्यात गेली होती. आता त्या स्वतःच्या हिमतीवर तपासाची कामं घेत. बाईंचं डोकं पुढे धावायचं आणि मास्तर मागून धापा टाकत पोचायचे, असा एकूण प्रकार होता.

"बत्तीस वर्षं गाड्यांना पॉलिश करतोय मी," तो सांगू लागला. "रंगावर बारीक गोल रेघा पडतात ना, कोळ्याच्या जाळ्यासारख्या? धुताना वाळूचा कण फिरला की पडतात, घाणेरड्या फडक्यानं पुसलं की पडतात. त्या काढून रंगाचा आरसा करायचा, हे माझं काम. आणि आता माझ्याच शेडमधून गाडी बाहेर पडते, उन्हात जाते, आणि सगळ्या अंगावर जाळं!"

"सगळ्याच गाड्यांवर?"

"गडद रंगाच्या. काळ्या, निळ्या. पांढऱ्यांची तक्रार नाही. कुठं नासवलं की जास्त दिसतं, ते त्याला बरोबर ठाऊक आहे. माझ्याच शेडमध्ये होता तो, मीच काढला त्याला."

"भावाला काढलंत कशावरून?"

"रंगेहाथ पकडला. अकरा महिने झाले. एक काळी गाडी आदल्या दिवशी पुरी करून ठेवली होती. सकाळी सातला गेलो तर शटर अर्धं वर. हा डाव्या दाराशी वाकलेला. हातात मशीन, पायाशी पेटलेला हातदिवा. विचारलं, काय चाललंय? तर मान खाली, तोंडातून शब्द नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गाडी उन्हात काढली, तर ते ओरडलंच, उजवी बाजू पार जाळ्यांनी भरलेली. डावी लख्ख. तिकडं नासवायला वेळच मिळाला नाही त्याला."

"त्याच्याआधी कधी तक्रार?"

"एकही नाही. तो गेला आणि सुरू झाल्या. आणखी काय पुरावा हवा?"

"कुलूप बदललंत?"

"त्याच दिवशी. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक बायकोकडे."

"आणि रेघा पहिल्यांदा दिसतात कोणाला?"

"गिऱ्हाइकाला. मी तर दिवा लावून बघूनच गाडी देतो हो. एक रेघ नसते!"

चहा आला. पॉलिशवाल्यानं बशीच्या कडेनं बोट नेत कप गाठला. निघताना टेबलाकडे हात करून म्हणाला, "ती काळी फाइल माझी, द्या जरा."

फाइल गडद निळी होती. मास्तरांमधला चित्रकलेचा शिक्षक जरा दुखावला.

तो जिना उतरून गेल्यावर ते म्हणाले, "सरळ आहे, बाई. बायको फितूर आहे. दिराला किल्ली तीच देते."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण अकरा महिने सूड घ्यायचा म्हणजे माणसाला चिकाटी पाहिजे, मास्तर."

पहिल्यांदा ते शेवटची तक्रार आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे गेले. तो कोरड्या फडक्यानं धूळ झाडत होता. बाईंनी फडक्याकडे नुसतं बघितलं तरी तो उसळला.

"साहेबसुद्धा मलाच बोलले! पण रेघा याच्या नव्हेत. शेडच्या दारातून गाडी बाहेर काढली, तिथंच दिसल्या. फडकं तेव्हा डिकीत होतं. मी पॉलिशवाल्यांना हाक मारली, म्हटलं बाहेर येऊन बघा. तर आतूनच म्हणाले, मला ऊन सोसत नाही, गाडी आत आण. आत ट्यूबलाइटखाली काय दिसणार? मलापण नाही दिसलं काही."

शेडमध्ये पॉलिशवाल्याची बायको फडकी धूत होती. नवरा सामान आणायला गेला होता. ओळीनं बादल्या, भिंतीला टांगलेली मऊ फडकी, कोपऱ्यात मशीन. मास्तरांनी सहज मशीनच्या पॅडवर हात फिरवला. स्पंजात वाळलेल्या कंपाउंडचे खडे बोटांना टोचले. त्यांनी हात रुमालाला पुसला.

"दिराला किल्ली दिली होती तुम्ही, वहिनी?" बाईंनी विचारलं.

"जुन्या कुलपाची. नव्या कुलपाची नाही."

"कशासाठी?"

"ते विचारू नका. शब्द दिलाय मी त्याला."

"बरं. त्या दिवशी सकाळी तो किती वाजता आला होता?"

"साडेपाचला." तिनं फडकं पिळलं, पुन्हा पाण्यात बुडवलं, पुन्हा पिळलं. "आमच्या सासूबाई मागच्या थंडीत वारल्या. धाकटा आला होता. यांनी दारातूनच परत लावला. आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. आणि मी मागं उभी होते. निदान त्या दिवशी तरी तोंड उघडायला हवं होतं मी."

बसडेपोत लांब दांड्याचा ब्रश घेऊन धाकटा गाड्या धूत होता. चाळिशी नुकतीच ओलांडलेला, पण चेहरा थकलेला.

"दादा म्हणतो ना मीच केलं? मग मीच केलं. लिहून घ्या."

"लिहितो," मास्तर उत्साहानं म्हणाले. बाईंनी त्यांच्या वहीवर हात ठेवला.

"त्या काळ्या गाडीला सुरुवात कुठल्या बाजूनं केली होतीत?"

"डावीकडून. नेहमी डावी…" तो एकदम थांबला. मग नळाचं पाणी कमी करत हळूच विचारलं, "दादा बरा आहे ना? जिना जपून उतरतो का?"

परत येताना बाई म्हणाल्या, "हे काम घेतलं नसतं तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये काळी गाडी होती. बाईंच्या सांगण्यावरून मास्तर सकाळपासून तिच्याजवळ स्टूल टाकून बसले. पॉलिशवाल्यानं त्यांच्यादेखत ती धुतली, पुसली, दोन तास मशीन फिरवलं, शेवटचा हात मारला. त्याच्याखेरीज कोणी तिला बोटही लावलं नाही. मग त्यानं हातदिवा घेऊन बॉनेट न्याहाळलं आणि समाधानानं म्हणाला, "आरसा!"

"बाहेर घ्या," बाई म्हणाल्या.

वहिनींनीच गाडी अंगणात काढली. भर दुपारचं ऊन बॉनेटवर पडलं. मास्तर वाकले. सूर्याच्या ठिपक्याभोवती बारीक रेघांचं गोलच्या गोल जाळं पसरलं होतं. छतावर तेच, दारांवर तेच.

पॉलिशवाला डोळ्यांवर हात धरून आला आणि बॉनेटवर झुकला.

"आहे की लख्ख," तो म्हणाला. "काय बघायचं?"

मास्तरांना त्या क्षणी सगळं कळलं, आणि आपल्याला कळलं याची लाज वाटली.

"बसा जरा," बाई म्हणाल्या. पायरीवर त्याच्या शेजारी त्याही बसल्या. "तुमच्या गाड्या कोणी नासवत नाही. कुलूप बदललं तरी रेघा थांबल्या नाहीत, म्हणजे बाहेरून कोणी येत नव्हतं. ड्रायव्हरनं फडकं लावण्याआधीच त्या होत्या. म्हणजे त्या इथंच पडत होत्या, तुमच्या मशीनखाली. पॅडमध्ये कंपाउंड वाळून खडे झालेत. पूर्वी ते तुम्ही पहिल्या नजरेत टिपले असते. आता तुम्हाला ते दिसत नाहीत. रेघाही दिसत नाहीत. माझ्या घरी उजेडाकडे पाठ करून बसलात, कप चाचपून उचललात, निळ्या फाइलला काळी म्हणालात. ऊन तुम्हाला सोसत नाही. मोतीबिंदू असावा. ते डॉक्टर सांगतील."

"मग त्या दिवशी? मी डोळ्यांनी पाहिलं त्याला!"

"काय पाहिलंत? जमिनीवर पेटलेला हातदिवा. नासवणाऱ्याला दिवा कशाला हवा? तिरप्या उजेडात रेघा शोधायला लागतो तो. साडेपाचला आला, सातला तुम्ही पकडलात. नासवायला पाच मिनिटं पुरतात हो. दीड तास लागतो तो दुरुस्तीला. त्यानं डावीकडून सुरुवात केली होती, म्हणून डावी बाजू लख्ख होती. उजवी त्यानं नासवली नव्हती. त्याचा हात तिथपर्यंत पोचलाच नव्हता."

पॉलिशवाला नखातलं कंपाउंड खरवडू लागला.

"तो होता तोवर तक्रार नव्हती, गेला आणि सुरू झाल्या, हे तुम्हीच सांगितलंत. बरोबर सांगितलंत. फक्त उलट्या बाजूनं वाचलंत."

"दोन वर्षं," वहिनी दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. "दोन वर्षं सकाळी लवकर येऊन तो तुमच्या गाड्या पुन्हा करायचा. म्हणायचा, वहिनी, दादाचं सगळं नाव त्याच्या नजरेवर आहे, त्याला कळलं तर तो खचेल. अहो, मी कितीदा म्हटलं डोळे दाखवा! अंगावर धावून आलात माझ्या."

पॉलिशवाल्यानं आपले पंजे डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"तोच चोर निघाला असता तर बरं झालं असतं, बाई," तो म्हणाला. "मी त्याला आईच्या दारातून हाकललाय."

"तो बसडेपोत गाड्या धुतो," बाई म्हणाल्या.

तासाभरानं मास्तर त्याचा दंड धरून त्याला डेपोत घेऊन गेले. धाकट्यानं दोघांना येताना पाहिलं. दादाच्या दंडावरचा मास्तरांचा हात पाहिला आणि तो काय ते समजला. त्यानं नळ बंद केला.

"डोळे दाखवलेस?" त्यानं विचारलं.

"आईला बघू दिलं नाही मी तुला," दादा म्हणाला.

"नाही दिलंस."

पाणी फरशीवरून गटाराकडे वाहत होतं. मास्तर दोन पावलं मागं सरले.

"सांगायचंस रे एका शब्दानं," दादा म्हणाला. "शिव्या द्यायच्यास. काहीही करायचंस."

"मला वाटलं, राग आठवड्यात उतरेल तुझा. मग म्हटलं महिन्यात उतरेल. मग आईच गेली." धाकट्यानं ओल्या बाहीनं चेहरा पुसला. "ते मी विसरेन असं वाटत नाही, दादा. खोटं कशाला बोलू?"

दादानं मान हलवली.

"उद्या नऊला तयार राहा. दवाखान्यात मी नेतो तुला." मग मागं वळून धाकट्यानं गाड्यांची रांग मोजली. "आत्ता नाही येता येणार. चार गाड्या राहिल्यात."

त्यानं नळ सोडला आणि ब्रश उचलला. मास्तरांनी दंड धरून चलायची खूण केली, पण पॉलिशवाल्यानं हात सोडवून घेतला. चारही गाड्या धुऊन होईपर्यंत तो अंगावर पाण्याचे तुषार घेत तिथंच उभा राहिला.