पडद्यावरचा पाठमोरा

जुने घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही, अशी चाळीस वर्षांपूर्वीची ती खोकी. लोक ती माळ्यावरून काढतात, धूळ झटकतात आणि माझ्याकडे आणतात. बहुतेक वेळा वीजपुरवठा बिघडलेला असतो, नाहीतर एखादं बटण दाबलं की वर येत नसतं. तासाभराचं काम.

सिस्टर आल्या त्या एका मंगळवारी सकाळी. आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होत्या, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. लहानपणी मला सगळी इंजेक्शनं त्यांनीच टोचलेली. यंत्र त्यांच्या नवऱ्याचं. ते नकाशे काढायच्या कचेरीत होते आणि संध्याकाळी या खोक्यावर चित्रं करत बसायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आवाज येईनासा झालाय," सिस्टर म्हणाल्या. "तेवढंच बघ. पडद्याच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी दिसतं, त्याला मात्र हात लावू नकोस."

आवाजाचं काम दहा मिनिटांत झालं. पण झाकण उघडल्यापासून माझं लक्ष दुसरीकडेच होतं. पडद्यावरचं चित्र काढणारी चिप पहिल्या खेपेतली होती. पांढरी, चिनीमातीची, वर सोनेरी टोपण. पुढे काळ्या प्लॅस्टिकच्या निघाल्या, त्या ढिगाने मिळतात. ही पांढरी मी अकरा वर्षं शोधत होतो. माझ्या स्वतःच्या यंत्रात तेवढीच कमी होती, आणि महिन्याभराने आम्हा शौकिनांचा मेळावा होता.

मी ती काढून माझ्या यंत्रात घातली आणि सिस्टरांच्या यंत्रात खणातली काळी बसवली. चित्र तेच, रंग तेच. कुणाचं काय बिघडलं? चोराला असली वाक्यं कधी कमी पडत नाहीत.

आठवड्याने सिस्टर पुन्हा आल्या, रिकाम्या हाताने.

"अरे, ते कोपऱ्यातलं गेलं."

"धूळ असेल, सिस्टर. साफ झाली."

"धूळ," त्यांनी मान हलवली. काउंटरची कड धरून जराशा उभ्या राहिल्या. "मला वाटलं, माझंच काही चुकलं. यंत्र तुझ्याकडे आणताना मी चिडून काहीतरी बोलले होते."

कुणाला, ते मी विचारलं नाही. त्या पायरी उतरून गेल्या आणि मी खाली बघत स्क्रू मोजत बसलो.

त्याच दुपारी माझ्या यंत्राच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, पांढरा डाग उमटला.

या चिपची एक खुबी आहे. मागचं चित्र न पुसता त्यावरून ती आठ लहान चित्रं हलवू शकते. खेळातली विमानं, माणसं वगैरे. मी तपासलं, आठही बंद होती. मेमरी बदलली, वायर बदलली, दुसरा टीव्ही लावला. डाग होता तिथेच. आणि चिपला स्वतःची आठवण नसते. मेमरीत असेल ते ती काढते, वीज गेली की कोरी.

दुसऱ्या दिवशी डागाला आकार आला. स्टुलावर पाठमोरा बसलेला माणूस. मोजून एकवीस ठिपके उंच. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली.

तिसऱ्या दिवशी तो पडद्याच्या मधोमध होता. मान किंचित वळवलेली, मागे दार वाजायची वाट बघावी तशी. मी खाकरलो. तो ताठ झाला. क्षणभर थांबला. मग पुन्हा वाकून बसला.

हवं ते माणूस आलेलं नाही, हे कळल्यावर आपण वाकतो तसा.

माझे कान तापले. रिकाम्या दुकानात मला तोंड लपवावंसं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी चिप डबीत घालून सिस्टरांच्या घरी गेलो. एक भाग तपासायचा राहिलाय, असं फोनवर सांगितलं होतं. खरं काय ते सांगायचं, हे वाटेभर घोकत आलो होतो. त्या पाणी आणायला आत गेल्या. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता, नकाशाच्या टेबलाशी उभे असलेले. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली.

त्या बाहेर येईपर्यंत मी पांढरी चिप जागेवर बसवली आणि काळी खिशात टाकली.

"सिस्टर, मी..."

"काय रे?"

जीभ रेटेना. "काही नाही. सुरू करा."

पडदा निळा झाला. कोपऱ्यात पांढरं उमटलं, सरकत मध्यावर आलं, स्टुलावर बसलं.

"आलात?" सिस्टर टीव्हीला म्हणाल्या. त्यांचा आवाज मुलीसारखा झाला होता.

मग त्या पुढे वाकल्या.

"आणि हा कोण?"

स्टुलामागे आणखी एक होता.

उभा. मान खाली.

"बिचारा," सिस्टर म्हणाल्या. "असा काय उभा आहे?"

मी पाण्याला हात न लावता निघालो. काळी चिप मांडीला टोचत होती.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. "तो दुसरा अजून तसाच आहे रे. हे त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत." मी हं म्हटलं. मेळाव्याला मी गेलो नाही.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा फोन.

"आज त्याने मान वर केली."

फोनमधून टीव्हीची बारीक घरघर ऐकू येत होती.

"चेहरा दिसतो?" मी विचारलं.

"एवढ्याशा ठिपक्यांत चेहरा कसला दिसणार?" त्या म्हणाल्या. मग घरघर मोठी झाली, त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या असाव्यात.

"तुम्ही बरे आहात ना?" त्यांनी विचारलं.

मी पाळण्यात होतो तेव्हापासून सिस्टर मला अरे-तुरे करत आल्या होत्या.