नरडाण्याची जांभळं

त्या दिवशी मी कॉफी शॉपमध्ये शिरले ती फक्त एसीसाठी. मे महिन्यातलं जळगाव, दुपारचे अडीच, आणि धरणगावला जायची माझी पॅसेंजर तासभर लेट. बियाण्यांच्या कंपनीतलं ऑफिस शनिवारी लवकर सुटतं, पण सुटून जायचं कुठे? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. स्कार्फ सोडत मी काउंटरपाशी गेले.

"काय घेणार?" काळा एप्रन घातलेल्या मुलानं विचारलं.

"पाणी मिळेल?"

"मिळेल. पण नुसत्या पाण्यावर कोणी तासभर बसलं की मॅनेजर माझ्याकडे बघतात."

"मग तुम्ही त्यांच्याकडे बघू नका."

तो हसला. सावळा चेहरा आणि एका गालावर खळी… दुसऱ्या गालावर नाही. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. पाचच मिनिटांत माझ्यासमोर पाण्याऐवजी एक उंच ग्लास आला. तळाशी गडद लाल, वर पांढरं, आणि मधे बर्फाच्या खड्यांमधून दोन्ही रंग हळूहळू एकमेकांत उतरत होते.

"आइस्ड बेरी," तो म्हणाला. "कोणीतरी ऑर्डर देऊन निघून गेलं. फेकायचंच होतं."

कोणी ऑर्डर दिलीच नव्हती हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. तेव्हा मात्र मी पहिला घोट घेतला आणि डोळेच मिटले. आंबट, गोड, गार… दातांना कळ लागेपर्यंत गार.

"यात काय काय घालता?"

"सांगितलं तर तुम्ही घरी कराल. मग इथे परत कशाला याल?"

हे तो इतक्या सहज बोलला की मी स्ट्रॉ उगाचच गोल फिरवत बसले. "असलं घरी कुठे जमतं…"

"जमतं हो. स्ट्रॉबेरी, करवंदं, जांभळं, जे मिळेल ते साखरेत शिजवायचं. गाळायचं. पाक पूर्ण गार होऊ द्यायचा. मग भरपूर बर्फ, आणि वरून नारळाचं दूध. चमच्याच्या पाठीवरून, हळू सोडायचं… घाईतल्या माणसाला नाही जमत ते."

"मला घाई नाहीये," मी म्हटलं.

आणि माझी गाडी चुकली.

निघताना त्यानं एका टिश्यूवर नंबर लिहून दिला. 'अडलं तर विचारा. हितेंद्र.' मी तो पर्समध्ये अशा कप्प्यात ठेवला, जिथे मी कधीच काही ठेवत नाही.

अडलं तर? अहो, पहिल्याच रविवारी अडलं. धरणगावच्या बाजारात स्ट्रॉबेरी कुठली, म्हणून सातपुड्याकडून आलेली करवंदं घेतली. पाक झकास झाला. बर्फ फडक्यात गुंडाळून बत्त्यानं फोडला. राहिलं नारळाचं दूध. आता आमच्या खानदेशी स्वयंपाकघरात नारळ म्हणजे देवापुढे फोडायचा तो, आणि भाजीत पडतं ते सुकं खोबरं. मी पावभर खोबरं गरम पाण्यात वाटलं, पिळलं, दिसलंही पांढरंशुभ्र. मोठ्या ऐटीत चमच्याच्या पाठीवरून सोडलं. दोन मिनिटांत ग्लासावर तेलाचा बोटभर थर!

आईनं ग्लास उजेडात धरला. "हाई सरबत शे का शेवभाजी?"

मी फोटो हितेंद्रला पाठवला. आधी अकरा हसणारे चेहरे आले, मग त्याचा आवाज आला. "मयुरी… ओला नारळ लागतो गं! ही तर्री आलीय तर्री! भाकरी पाठवू का?"

'अहो जाहो'वरून तो पहिल्यांदाच घसरला होता. तो निरोप मी किती वेळा ऐकला ते विचारू नका.

मंगळवारी त्याची सुट्टी असायची. "गावाला जाताना धरणगाव लागतंच," तो म्हणाला. "नारळाच्या दुधाचा डबा देतो, आणि पुढच्या गाडीनं जातो." मी ऑफिसला दांडी मारली. आईला सांगितलं, ऑफिसच्या ओळखीतला एक जण येतोय. आबा, माझे वडील, शेतात होते. तो आला, चपला काढल्या, आणि आईनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"कोनता गावना शेस रे भाऊ तू?"

"नरडाण्याचा, अक्का."

झालं! तो नुसता 'काकू' म्हणाला असता ना, तर ही गोष्ट इथेच संपून आमच्या लग्नाचे पेढे वाटून झाले असते. पण नरडाण्यात मोठ्या बाईला अक्काच म्हणतात. त्याची जीभ सवयीनं वळली.

आईच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं तसंच राहिलं. नरडाणा हे तिचं माहेर. तिचा एकुलता एक धाकटा भाऊ, माझा नथ्थूमामा, आठ वर्षांपूर्वी गेला. मामी मुलांना घेऊन सुरतेला राहायला गेली. तेव्हापासून अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईला माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून कोणी येत नाही. गल्लीतल्या बायकांचे भाऊ पिशव्या घेऊन दारात येतात, तेव्हा आई आमचं दार लोटून घेते आणि म्हणते, धूळ येते.

"अक्का म्हने हाऊ माले!" ती म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "नथ्थू गया तवयपाईन माले अक्का म्हननारं कोनीच नव्हतं. मयुरी, हाऊ तुन्हा मामा शे! पानी दे मामाले!"

तो भावकीतला नव्हता. आडनाव वेगळं, कुळ वेगळं. पण आमच्याकडे आईच्या गावचा पुरुष म्हणजे मामा, मग त्याला दाढी असो की पाठीवर दप्तर. मी पाणी दिलं. त्यानं घेतलं. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

रात्री त्याचा मेसेज आला. 'काय करतेस भाची?'

'पुन्हा भाची म्हणालास तर ब्लॉक.'

'बरं. मग काय म्हणू?'

मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं… आणि शेवटी 'झोप' एवढंच पाठवलं.

पण मंगळवार मात्र सुरू झाले. दर मंगळवारी तो यायचा आणि मी काही ना काही कारण काढून घरी असायचे. त्यानं मला सरबत हलवून फेसाळ करायला शिकवलं. कॉफी शॉपमध्ये त्यासाठी शेकर असतो, आमच्याकडे घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. बोअरच्या खाऱ्या पाण्याच्या बर्फानं चव बिघडते, हे त्यानं पहिल्याच घोटाला ओळखलं, तेव्हापासून मी पिण्याच्या पाण्याचा बर्फ लावायला लागले. आई दारात बसून त्याला विचारत राहायची. स्टेशनाजवळचं कडुनिंबाचं झाड आहे का? शाळेमागची विहीर? तिच्या वडिलांचा मळा आता कोण करतं? तो आठवड्याभरात सगळं बघून यायचा आणि पुढच्या वेळी मोबाइलवर दाखवायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. अक्कासाठी इतकं, आणि माझ्यासाठी काय?

जूनच्या शेवटी तो पिशवीभर जांभळं घेऊन आला. टपोरी, काळीभोर, काही फुटलेली.

"अक्का, तुमच्या वडिलांच्या मळ्यातली. झाड अजून आहे."

आईनं एक जांभूळ तोंडात टाकलं आणि बराच वेळ बी टाकलीच नाही. मग पदरानं डोळे पुसत ती मागच्या अंगणात निघून गेली.

आम्ही दोघं चाळणीवर जांभळं चोळून गर काढत बसलो. हात मनगटापर्यंत जांभळे झाले. चाळण एकच, हात चार… त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं. त्यानं काढून घेतलं नाही. मीही नाही.

"मयुरी…"

"हं?"

"बी राहिली बघ एक," तो म्हणाला. आवाज मात्र बीचा नव्हता.

असा राग आला मला! पण त्या दिवशीचा ग्लास… काय सांगू! तळाशी जांभळा, मधे गुलाबी, वर दुधाळ ढग. कुठल्याही कॉफी शॉपच्या तोंडात मारेल असा. आई परत आली, तिनं तो एका दमात संपवला, ओठ जांभळे करून घेतले आणि जाहीर केलं,

"औंदा राखी बांधसू मी हितूले. बठ्ठी गल्लीले सांगी दिनं मी, मन्हा भाऊ येई ऱ्हायना!"

हितेंद्रच्या हातातला डबा खाली पडला. बर्फ घरभर झाला.

राखी! हाक मारायचा मामा कानाआड करता येतो हो. पण एकदा आईनं त्याच्या हाताला राखी बांधली की तो तिचा भाऊ, आणि मग मी त्याच्याकडे त्या नजरेनं बघणंसुद्धा पाप. मी त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेले.

"तू नाही म्हण ना तिला," शेवटी मीच म्हटलं.

"कसं म्हणू? आठ वर्षांनी भाऊ मिळालाय त्यांना. कशा हसतात बघ हल्ली."

"आणि मी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. गाडी आली. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ती चढणारी माणसं, ते धक्के… तो गेला.

पुढचा मंगळवार तो आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. ड्युटी आहे, एवढंच कळवलं, तेही आईला. मी जळगावला रोज त्या रस्त्यानं जायचे आणि आत शिरायचे नाही. काचेतून एकदा दिसला. पाठमोरा, ग्लास पुसत होता. इतकी आठवण येत होती मला त्याची, की तो समोर असतानाही येत होती. फ्रीजरमध्ये उरलेला जांभळाचा गर होता. एका दुपारी मी दोन ग्लास केले. एक प्यायले. दुसऱ्याचा बर्फ विरघळून पाणी होईपर्यंत बसून राहिले आणि मग मोरीत ओतला.

आईला सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. पण ती बाजारातून राखी आणायची, नको म्हणून बदलून दुसरी आणायची, रेशमी की मण्यांची ते मलाच विचारायची. काय सांगणार होते मी? तुला मिळालेला भाऊ मला हवाय, असं?

राखी पौर्णिमेला सकाळी अकरा वाजता तो आला. पांढरा शर्ट, डोळे झोप न झालेले. आईनं पाट मांडला होता. मी स्वयंपाकघरात पळाले आणि बर्फ फोडायला घेतला, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येऊ नये. पण हात चालेना.

"बस रे भाऊ. रुमाल ले डोकावर. हात कर पुढे."

मग पाट सरकल्याचा आवाज.

"अक्का, मी हात पुढे नाही करू शकत."

"कारे? काय झायं?"

"तुम्ही बांधाल तर मी नाही म्हणणार नाही. जन्मभर भाऊ होईन. पण आधी ऐका… मला मयुरी आवडते. पहिल्या दिवसापासून. मी तुम्हाला अक्का म्हणालो ते चुकून. पण त्यानंतर आलो ते चुकून नाही. तुमच्यासाठीही येत होतो आणि तिच्यासाठीही. आता तुम्ही म्हणाल तसं."

तीन महिने मला एक शब्द सरळ बोलला नव्हता, आणि बोलला तो माझ्या आईशी! मी तशीच उभी राहिले, ओंजळीत बर्फ. हात बधिर झाले तरी सोडवेना.

आई आत आली. निरांजनाचं ताट अजून तिच्या हातात होतं.

"तुलेबी असंच वाटस का वं?"

"हो," मी म्हटलं. आवाज फुटला माझा. "आई, मी त्याला एकदाही मामा म्हटलं नाही."

"मंग मन्हा भाऊ?"

मी रडायला लागले. आईनं ताट ओट्यावर ठेवलं, माझ्या हातातला बर्फ काढून घेतला आणि माझे गार हात स्वतःच्या गालांवर धरले. मग तिनं ताटातल्या राखीकडे बघितलं, ती उचलून पदराच्या टोकाला गाठीत बांधली आणि बाहेर गेली. मीही मागे गेले.

हितेंद्र अजून उभाच होता, डोक्यावर रुमाल तसाच.

"तुन्हा आबाले मी सांगसू," आई मला म्हणाली, पण बघत होती त्याच्याकडे. "आते नरडाण्याले जासू ते इहीनबाई म्हनीसन. बठ्ठासले पाय धोवाले लावसू मन्हा!" विहीणबाई म्हणजे होकारच की!

हितेंद्र हसला, आणि मग त्याचेच डोळे वाहायला लागले. तो तिच्या पाया पडायला वाकला. तिनं त्याला मधेच धरलं.

"जावई अक्का म्हने तं लोके हसतीन रे," ती म्हणाली. "आजना दिन म्हनी ले. उद्यापाईन नको म्हनजो."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"अक्का," तो म्हणाला.

"आखो एकदाव," आई म्हणाली.