व्हायोलिन दुरुस्ती, गिरगाव

करी रोडला राहणारी पूर्वी गिरगावातल्या खोताच्या वाडीत शिरली ती एक बेकरी शोधत. मोबाइलच्या नकाशानं मात्र तिला ॲलिस्टरच्या ओट्यावर आणून सोडलं. मांडीवर उघडं व्हायोलिन, बोटांना सरस... तिनं बेकरी विचारताच त्यानं मान वर केली आणि केक नाही, पण चहा मिळेल, असं सांगून टाकलं.

चहा पिता पिता कळलं, की तो वाद्यं दुरुस्त करतो, आईबरोबर राहतो आणि महिन्याला जेमतेम दोन गिऱ्हाइकं येतात. वेबसाइट होती, मावसभावानं करून दिलेली. ती पाहून पूर्वीला हसू आवरेना. परळच्या ऑफिसात ती दिवसभर हेच करायची — लोकांना शोधताना सापडतील अशी पानांची शीर्षकं आणि वर्णनं लिहायची. ॲलिस्टरच्या पानाचं शीर्षक होतं नुसतंच 'होम'. वर्णनाची जागा कोरी.

पुढच्या रविवारी ती करी रोडहून लॅपटॉप घेऊन आली. त्यानं शीर्षक योजून ठेवलं होतं — 'रुसलेल्या वाद्यांचं माहेर'.

"गोड आहे," ती म्हणाली, "पण असं कोण शोधतं? ज्याचं बिघडलंय तो 'व्हायोलिन दुरुस्ती' असंच टाइप करणार. ते आधी, मग गिरगाव. साठेक अक्षरांत बसव, शोधयादीत पुढचं कापलं जातं."

"आणि माहेर?"

"ते खाली वर्णनात घालू... तुझ्यासाठी."

वर्णनात त्यानं 'दुरुस्ती' पाच वेळा लिहिलं. तिनं चार खोडले. तेच तेच सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणाली. तो तिच्याकडे बघत राहिला, इतका, की तिला स्क्रीनवरचं काही दिसेना.

वसईहून, पुण्याहून वाद्यं येऊ लागली. पानाचं काम संपलं, तरी पूर्वीचे रविवार चालूच राहिले. त्याची आई, रोझआंटी, तिच्यासाठी गरम फुगिया, पिठाचे फुगीर गोळे, तळून ठेवायच्या.

मग कोचीच्या एका संगीतशाळेचा फोन आला. त्यांनाही शोधताना हेच पान सापडलं होतं. तीन वर्षांचं काम, राहायला घर, आईलाही नेता येणार होतं. हे सांगताना ॲलिस्टरनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"पूर्वी... मी जाऊ?"

तिला नको म्हणायचं होतं. पण आपणच त्याला चार लोकांपुढे आणायचं आणि आपणच अडवायचं, हे तिला बरं वाटेना. शिवाय त्यानं तरी कुठे काही बोलून दाखवलं होतं? तिनं कप उचलला, परत ठेवला.

"संधी चांगली आहे. जा ना."

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

मायलेक गेले. परत यायचं म्हणून पान तसंच ठेवलं होतं. दीड वर्षानं त्याचा फोन आला: आता कोचीतच राहायचं ठरलंय, तेवढं गिरगाव काढून कोची घालशील? तिनं पान उघडलं. बोट त्या शब्दापाशी थांबलं.

"ॲलिस्टर, त्या दिवशी मला 'जाऊ नको' म्हणायचं होतं."

 पलीकडे दूर कोणीतरी पियानोवर सरगम घोटत होतं.

"मी थांबलो असतो," तो अखेर म्हणाला. "म्हणून तर विचारलं होतं. आता... ट्रिशा इथेच शिकवते. ईस्टरनंतर लग्न आहे आमचं."

पूर्वीनं अभिनंदन केलं. आवाज नीट आला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिनं 'कोची' टाइप केलं, सेव्ह केलं आणि त्याला बघायला सांगितलं.

"दिसतंय," तो म्हणाला.

फोन मात्र दोघांपैकी कोणीच लगेच ठेवला नाही.