दुबार प्रत

२०४१ साली शिरसगावच्या नगर वाचनालयातून पुस्तक कुणालाही मिळे. चित्रपट मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नसे. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली फिल्मची कपाटं आता कुलपात होती आणि त्या दालनाला दवाखान्याचा वास येऊ लागला होता.

याचं कारण होतं पुनर्बंधन. विस्मृतीच्या रोग्याला एक इंजेक्शन द्यायचं आणि त्याने तरुणपणी पाहिलेला चित्रपट त्याला पुन्हा दाखवायचा. जागी झालेली आठवण मेंदू थोडा वेळ सैल सोडतो, मग नव्याने बांधतो. औषधाने हा सैल वेळ वाढे आणि त्या एका आठवणीला धरून आयुष्यातल्या इतर शेकडो आठवणी वर येत. त्यासाठी चित्रपटच लागे, कारण माणसाच्या गतकाळातली जशीच्या तशी पुन्हा घडवता येणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

“काका, तुमच्या भाषेत सांगते,” डॉ. शबनम मुजावर पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. “जुन्या पुस्तकाची शिवण उसवायची, पानं लावायची, पुन्हा शिवायचं. बैठका तीन. तिसरीनंतर शिवण पक्की. मग ती मलाही उसवता येणार नाही.”

“आणि एखादं पान गहाळ असलं तर?”

“शिवताना हातात नसेल ते पान बाहेरच राहणार.”

विद्याधर टिपणीस पुढे काही बोलले नाहीत. ते शहात्तर वर्षांचे मानद ग्रंथपाल होते आणि रोगी त्यांचीच पत्नी होती, वैजयंती. पण आपली शंका बावळटपणाची तर नाही ना, अशी भीती त्यांना जन्मभर वाटत आली होती.

१९८९ साली याच दालनात शनिवारी चित्रपट दाखवत. प्रोजेक्टरवर चोवीस वर्षांचे टिपणीस असत. एका शनिवारी ऐन रंगात फिल्म तुटली. त्यांनी दिवे लावले आणि घाबरून प्रेक्षकांपुढे हात जोडले. पहिल्या रांगेतून एक शिक्षिका म्हणाली, “हात जोडून काय होणार? घ्या, चिकटपट्टी आहे माझ्याकडे.” वर्षभरात त्यांचं लग्न झालं.

तिच्या चिकटपट्टीने जोडलेली ती प्रत पुढे चाळीस वर्षं कपाटात होती. मग एका वर्षीच्या साठा पडताळणीत निर्लेखनाची, म्हणजे बाद वस्तूंची, यादी निघाली. दोन प्रती असतील तर खराब प्रत काढून टाकावी, असा नियम. ‘दुबार, जीर्ण’ या शेऱ्याखाली टिपणिसांनी डबा न उघडताच सही केली आणि ती फिल्म तिच्यातली चांदी गाळून काढणाऱ्याकडे गेली. उरली ती बंद पडलेल्या एका फिल्म मंडळाकडून आलेली स्वच्छ, अखंड प्रत. चित्रपट तर तोच, त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

आता उपचाराला तीच प्रत लावली. पहिल्या बैठकीनंतर वैजयंतीबाई हाताने जेवू लागल्या. दुसरीनंतर त्यांनी चौथीच्या वर्गाची हजेरी तोंडपाठ म्हटली. त्याच दुपारी त्यांनी खोलीला आतून कडी लावली आणि धाकट्या बहिणीला फोन केला. “कमल, हे गृहस्थ माझ्या घरात का राहतात गं? माझं कुठे लग्न झालंय?”

टिपणिसांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं.

“फिल्म तुटलीच नाही,” डॉक्टर सावकाश म्हणाल्या. “म्हणजे सिनेमा संपला आणि त्या घरी गेल्या. तुम्ही भेटलाच नाहीत. काका, आधी का नाही बोललात?”

“वाटलं, तुम्ही हसाल. आता थांबलो तर?”

“दोन महिन्यांत सगळं सुटेल. घास गिळणंसुद्धा.”

“मीच फिल्म तोडली तर? त्याच जागी?”

“जागा आठवते?”

“बहुतेक.”

शनिवारी चार वाजता, तिसऱ्या बैठकीला, वैजयंतीबाई पहिल्या रांगेत बसल्या. त्यांच्या पर्समध्ये टिपणिसांनी सकाळीच चिकटपट्टी ठेवली होती. इंजेक्शन दिलं. नायिकेने विहिरीत कळशी सोडली आणि पडदा पांढरा झाला. टिपणिसांनी दिवे लावले, पुढे आले, हात जोडले.

वैजयंतीबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग पर्स उघडली. “हात जोडून काय होणार? घ्या.”

“धरलं!” मेंदूची नोंद घेणाऱ्या यंत्रावरची रेघ पाहत डॉक्टर ओरडल्या. “शिवण धरली, काका!”

टिपणिसांनी डोळे पुसत फिल्म जोडली. चित्रपट संपला तेव्हा वैजयंतीबाईंना नवऱ्याचं नाव येत होतं, घराची गल्ली येत होती, त्याला चहात साखर किती लागते तेही येत होतं. टिपणिसांनी आनंदाने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

“काय झालं, वैजू?”

ती त्यांच्या पांढऱ्या भुवयांकडे, हातांवरच्या काळ्या डागांकडे पाहत होती. टिपणिसांनी घाईघाईने खिशातला लग्नाचा फोटो काढून तिच्यापुढे धरला. तिने नवऱ्या मुलावर बोट ठेवलं. “हा कोण मुलगा?”

डॉक्टरांचं हसू मावळलं. शिवताना हातात असेल ते पान आत जातं, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं.

वैजयंतीबाई खुर्चीत मागे सरकल्या, पाठ टेकेपर्यंत.

“मी बावीस वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही तेव्हाही एवढेच म्हातारे. अहो, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?”