काशाची थाळी

मखमलाबाद नाक्याच्या अलीकडे, चाळीच्या टोकाला सुमनबाईंचं प्रसूतिकेंद्र होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे परसात शेवग्याचं झाड. डॉक्टर नव्हता. सरकारी दाखला मिळवलेल्या सुमनबाई आणि त्यांच्या हाताखाली धोंडाबाई, जिच्या आईनं नि आजीनंही सुईणपणच केलं होतं. मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं की अंगाला कापरं भरणाऱ्या बायका इथे येत.

सुमनबाईंचं काम म्हणजे एक घाव दोन तुकडे. कात्री उकळलेली, नखं कापलेली, वहीत जन्माची वेळ मिनिटासकट. अंगारे-धुपारे उंबऱ्याबाहेर. धोंडाबाईची एकच गोष्ट त्यांनी चालवून घेतली होती, ती म्हणजे खिळ्याला टांगलेली काशाची थाळी. जन्मलेलं मूल रडलं नाही तर त्याच्या कानाशी ही थाळी पळीनं वाजवायची. मूल दचकतं, श्वास घेतं. सुमनबाईंनी ते चार-पाच वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्या गप्प बसत.

पंचाहत्तर साली नामपूरकडची गोदावरी नावाची दिवस भरलेली बाई सासूबरोबर आली. आधीच्या दोन मुली. तिसरी झाली तर घरी येऊ नकोस, असं नवऱ्यानं बजावलेलं. कळा देता देता ती पोर तेच बडबडत होती. आणि झाली मुलगीच. निळी, निपचित. पण छातीच्या खळग्यात बारीकशी धुगधुगी होती. सुमनबाईंनी ती पाहिली, धोंडाबाईनंही पाहिली.

धोंडाबाईनं थाळी काढली. सासू म्हणाली, "राहू द्या बाई. घरमा दोन पोरी शेतस."

सुमनबाईंनी गोदावरीकडे पाहिलं. तिला ग्लानी आली होती. एक गेली तर तिघी वाचतील, असा सरळ हिशेब त्यांच्या डोक्यात आला. माणसाला पाप करायचं असलं की असलेच शहाणे हिशेब सुचतात, दुसरं काय!

"ठेवा ती थाळी खाली," त्या म्हणाल्या.

वहीत त्यांनी 'मृत जन्म' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. सासू गाठोडं न्यायला तयार होईना. मग शेवग्याखाली, जिथे प्रत्येक बाळंतिणीची, बाळामागून पडलेली वार पुरत, तिथेच खड्डा केला. माती ओढताना धोंडाबाईनं हात लावला नाही.

पुढच्याच महिन्यात थाळी खिळ्यावरून निसटून फरशीवर पडली. आवाज झाला नाही. गोधडी पडावी तशी पडली. सुमनबाईंनी उचलून पळी मारली, काहीच नाही. तडा गेला असेल म्हणून त्या ती तांबट आळीत घेऊन गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं बोटानं टिचकी मारली आणि सगळं दुकान घुमलं. भांडं एकदम खणखणीत आहे, तो म्हणाला. केंद्राचा उंबरा ओलांडला तशी ती पुन्हा मुकी. भिंतींनी ओल धरली असेल, असं सुमनबाईंनी स्वतःला समजावलं आणि थाळी होती तिथे टांगली. नशीब म्हणा, पुढच्या सहा वर्षांत तिची गरजच पडली नाही. मुलं आपसूक रडत.

एक्याऐंशीच्या मार्चात त्यांची एकुलती एक लेक कुसुम इंदिरानगरहून बाळंतपणाला आली. लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेलेले. आईच्याच हातचं बाळंतपण हवं, असा तिचा हट्ट होता. भर दुपारी सुटली. मुलगी. निळी, निपचित.

सुमनबाईंनी तोंडातला चिकटा ओढून काढला. पाठ चोळली. तळव्यांवर टिचक्या मारल्या. मग धावत जाऊन त्यांनी थाळी ओढली आणि पळी हाणली. पुन्हा हाणली. पळीचा दांडा वाकला, पण थाळी वाजली नाही.

धोंडाबाई भिंतीशी बसून होती. "ती नाय वाजायची," ती म्हणाली. "तुम्हीच तिला खाली ठेवाया सांगितलं हाय."

तेवढ्यात परसातून रडणं आलं. कोवळं, धारदार, ताज्या बाळाचं.

सुमनबाईंच्या पुढ्यातली पोर गुलाबी होत होती. छाती हलत होती. तोंड उघडून ती जीव खाऊन रडत होती, आणि आवाज शेवग्याखालून येत होता.

कुसुम बाराव्या दिवसानंतर घरी गेली; परसातलं रडणं शेजारच्या पोराचं, असं आईनं तिला सांगितलं होतं. पोर आवाज न करता रडे म्हणून डॉक्टरांनी तिचा घसा तपासला, दोष सापडला नाही. इकडे सुमनबाई परसात खुर्ची टाकून बसू लागल्या. रडणं लागलं की वेळ वहीत टिपायची, थांबलं की टिपायची. कुसुमकडे जाऊन त्यांनी पाजण्याच्या वेळा सहज विचाराव्यात तशा विचारल्या. मिनिटाचाही फरक नव्हता. नवी बाळंतीण घेणं त्यांनी बंद केलं. चाळीतले लोक घर विका म्हणत. पण विकणार कशा? नातीचा आवाज तेवढ्याच जागी ऐकू येत होता.

परसातल्या आवाजाचं कुसुमला कोणी सांगितलं, देव जाणे. श्रावणात एका सकाळी ती पोरीला घेऊन आली आणि थेट परसात गेली. पोर भुकेली होती. कुसुमनं मुद्दाम पाजलं नाही.

शेवग्याखालून रडणं आलं.

कुसुम मातीत बसली. आपल्या लेकीचा आवाज ती पहिल्यांदा नीट ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आई, इथे काय पुरलंय?"

धोंडाबाई दारात उभी होती. सुमनबाईंना सगळं सांगावंसं वाटलं, अगदी जिभेवर आलं. पण लेकीच्या नजरेतून उतरायचं त्यांना जमलं नाही.

"वार," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची पुरतो तशी."

रडणं थांबलं.

कुसुमनं मांडीवर पाहिलं. पोरीचा चेहरा लाल होता, गालांवर आसवं होती, ती अजून रडतच होती.

खूप वेळ तिघी कान देऊन होत्या. झाडाखालून काहीच आलं नाही.

मग आत, खिळ्यावरची थाळी वाऱ्यानं हलली आणि त्या घरात सहा वर्षांत पहिल्यांदा खणखणीत वाजली. पोरीचं तोंड उघडंच होतं.