चौदावा पोचा

अठरा वर्षं मी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासतो आहे. तळेऱ्याच्या नाक्यापासून विजयदुर्गापर्यंत कुठेही गाडी आपटली की फोन मला येतो. मी जाऊन फोटो काढतो, पोचे मोजतो, कुठला धक्का आधी बसला आणि कुठला नंतर ते लिहून देतो. यंदा जानेवारीत वाटलं, एखादी न मोडलेली गाडीही आपल्या हाताखालून जावी. म्हणून प्लास्टिकच्या सुट्या भागांची वीतभर लांबीची गाडी मागवली, आणि सोबत एअरब्रश. पेनाएवढी रंगाची बंदूक, एक नळी आणि छोटासा कॉम्प्रेसर.

कुणकेश्वरला आमचं घर रस्त्याला लागून आहे. पडवीत टेबल मांडलं. पहिला आठवडा नुसती घाण करण्यात गेला. रंग जाड झाला की थुंकी उडावी तसे ठिपके उडत, पातळ झाला की कोळ्याच्या पायांसारखा चारी बाजूंना पळत सुटे. शेवटी तळेऱ्याच्या बाळा मेस्त्रीला गाठलं. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली आहेत. एका रविवारी तो आला, चहा प्यायला आणि माझा हात धरून शिकवू लागला.

"धनेशभाव, आदी हवा सोड, मगे रंग. थांबताना आदी रंग बंद, मगे हवा. आणि हात मधी थांबवचो नाय. गाडयेच्या भायर सुरू करूचो, भायरच संपवचो."

त्याच्यासमोरच मी तांबड्यात पांढरा आणि पिवळा मिसळला. अंदाज चुकला आणि अगदी आबोलीच्या फुलाचा रंग झाला. बाळा हसला. "असल्या रंगाची गाडी कोण काढणा नाय रे!" पण मला तो आवडला. दुसऱ्या दिवशी खारं वारं पडलेलं पाहून मी पहिला हात मारला. कुठे ओघळ नाही, ठिपका नाही. इतक्या वर्षांत मी इतकं नीट काही केलं नव्हतं.

सकाळी डाव्या दारावर एक पोचा होता. मुगाच्या दाण्याएवढा.

ऊन लागलं असेल म्हणून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासलं, पुन्हा रंगवलं. दोन दिवसांनी तिथेच पोचा, आणि टपावर आणखी तीन. पुढची पारदर्शक काच जाळीसारखी तडकली होती.

"तू हात लावलंस काय हिका?" मी किशोरीला, माझ्या बायकोला, विचारलं.

"माका दुसरी कामा नायत?" ती म्हणाली.

गाडी लोखंडी कपाटात ठेवली, किल्ली खिशात ठेवली. पोचे वाढत गेले. मला त्रास दिला तो त्यांच्या आकाराने. प्लास्टिक तापलं तर वितळतं, दाबलं तर चिरतं. हे आत गेले होते पत्र्यासारखे. मधे खोल, कडेला ताणलेले, आणि त्या ताणावर रंगाला बारीक बारीक भेगा.

बाळाने गाडी उन्हात धरून बराच वेळ पाहिली. मग ती टेबलावर ठेवून हात पँटीला पुसले.

"हे आपटान पडलेले न्हय, धनेशभाव. तुकाय कळता ता. हे मारलेले आसत. दांडे, दगड... धा-बारा माणसा असतली."

"बाळा, ही वीतभर गाडी आहे."

"म्हणानच सांगतंय. सोड ह्या. दर्यात टाक."

मी टाकली नाही. कारण विचित्र आहे, पण खरं आहे. मी शिकत होतो. प्रत्येक पोचा भरताना, घासताना, रंगवताना माझा हात सुधारत होता. चौथ्या खेपेपर्यंत जुन्या आणि नव्या रंगाची सीमा मलाच सापडेना. त्या आनंदासाठी मी कपाट उघडत राहिलो. शेवटी पोचे चौदा झाले आणि थांबले. सवयीप्रमाणे मी त्यांचा नकाशा काढला, धक्क्यांच्या क्रमाने आकडे घातले. एक, डावं दार. दोन, तीन, चार टपावर. असं करत चौदावा टप पेलणाऱ्या मागच्या उजव्या खांबावर. तो इतरांहून खोल होता. डावखुऱ्या माणसाने मारलेला.

मी डावखुरा आहे.

महाशिवरात्रीची जत्रा संपून रस्ता मोकळा झाला त्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, बाहेर ब्रेक करकचला. पाठोपाठ एक बोथट आवाज आला. मी मागे माडांत होतो, धावत रस्त्यावर येईपर्यंत चार-पाच मिनिटं गेली. शेजारची सावित्रीकाकी रस्त्याच्या कडेला बेशुद्ध पडली होती. उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. वीस पावलांवर एक गाडी हळूहळू वळत होती.

आबोलीच्या रंगाची.

"पळता! पळता तो!" कुणीतरी ओरडलं. काकीचा नवरा महादूकाका माडाचा दांडा घेऊन धावला. मागून दहा-बारा जण. मीही धावलो, त्यांना अडवायला. मी तसं ओरडलोही. पण दांडा डाव्या दारावर पडला आणि माझ्या तोंडून "एक" असं बाहेर आलं.

दोन, तीन, चार टपावर. दगड काचेवर आला आणि काच जाळीसारखी तडकली. कुठला फटका कुठे बसणार ते मला आधी कळत होतं. बोनेटवर दोन. आरशापाशी एक. लोक शिव्या देत होते, एक बाई रडत रडत चपलेने काच बडवत होती. तेरावा फटका पडला आणि क्षणभर सगळे दम खायला थांबले.

तिथेच ते संपलं असतं.

माझ्या हातात कुंपणाची लोखंडी सळई होती. ती मी कधी उपटली ते आठवत नाही. समोर मागचा उजवा खांब होता. गुळगुळीत, एकही डाग नसलेला.

मी पूर्ण ताकदीने मारलं. खांब आत गेला.

लोकांनी दार उघडून ड्रायव्हरला बाहेर खेचलं. तो रस्त्यावर पडला. लाथा. दांडे. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. त्याने चेहऱ्यावर हात धरले होते, ते कुणीतरी पायाने बाजूला केले.

"धनेश," तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडावर सळई मारली. दोनदा. दुसऱ्यांदा काहीतरी मोडल्याचं मनगटाला कळलं.



पोलीस आले तेव्हा आम्ही सगळे तिथेच उभे होतो. हवालदाराने गाडीत वाकून पाहिलं, मग आमच्याकडे. "ड्रायव्हर कुठे आहे?"

अकरा माणसांनी एकाच जागेकडे बोट केलं. तिथे रस्ता होता. कोरडा. आमचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि डांबरावर थेंब नव्हता. चेहरा कसा होता, तेही एकाला सांगता येईना. गाडी क्रेनने ओढून नेली. तिच्यावर कुठेच नंबर नव्हता. ठाण्याच्या आवारात मी स्वतः इंजिनाखाली वाकून पाहिलं, नंबर खोदायची पट्टी कोरी होती.

"त्येनी माझा नाव घेतल्यान," ठाण्याच्या पायरीवर महादूकाका हळूच म्हणाला. "म्हादू म्हणालो."

बाजूला बसलेल्या सर्वेशने मान वर केली. तो आमच्या वाडीतला रिक्षावाला. "माझाय घेतल्यान."



मार खाल्लेला माणूसच सापडेना, म्हणून पोलिसांनी जबाब घेऊन आम्हाला सोडलं. चार वाजता महादूकाका आणि मी देवगडला दवाखान्यात गेलो. काकीच्या पायाला प्लास्टर घातलं होतं. ती शुद्धीवर होती, चेहरा उतरलेला, पण आम्हाला पाहून हसली.

"त्येका कोण काय बोललास नाय मां?" तिने विचारलं. "गुणाचो माणूस. चूक माझी, मीच बघूक नाय. उतारलो, माझी मान उचलून खाली आपलो शर्ट दिल्यान. माका घालून नेवक गाडी वळवी होतो."

महादूकाका खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"काकी," मी म्हणालो, "आमची नावं त्याला..."

"मीच सांगितलंय. म्हटलंय, एकटो कसो उचलशीत माका? हाक मार, सगळे हंयच आसत, धावतीत. एकेकाचा नाव सांगितलंय." तिने माझ्याकडे पाहिलं. "मारल्यान मां हाक?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"मघाशी येवन गेलो हंय. तोंडाक फडको बांधलेलो, बोलाक जमा नाय होता नीट. परत सगळी नावा इचारून घेतल्यान. भेटूक येवचो आसा म्हणालो, घरा खंय ती सांग. सांगितलंय." काकीने डोळे मिटले. "पयला घर खंयचा लागता, ता पण इचारल्यान. मी म्हटलंय, धनेशचा."